जुन्या कचेऱ्यांचे ‘आयुष्य संपले’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

पुण्यातल्या जुन्या दगडी आणि सागवानी कचेऱ्यांबद्दल एक संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. त्याचा आशय असा: शंभर वर्षांनंतर इमारतीचे आयुष्य संपते, तिच्यात लिफ्ट, वातानुकूलन आणि संगणकांची वायरिंग बसत नाही, लाकूड म्हणजे आगीला आमंत्रण, वारसा यादीत नाव असले की खिळा ठोकायलाही मनाई, आणि दुरुस्तीच्या खर्चात नवी इमारत उभी राहते. तेव्हा पाडा आणि नवे बांधा. यातला खर्चाचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे जसेच्या तसे तपासणीत टिकत नाहीत.

शंभर वर्षांची मुदत कोणी ठरवली, हे संदेशात सांगितलेले नाही. विश्रामबागवाडा १८०७ सालचा आहे, कौन्सिल हॉल १८७० सालचा, आणि दोन्ही आजही उभे आहेत. काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल शिरून आतल्या सळया गंजतात, फुगतात आणि वरचे काँक्रीट फोडतात, म्हणून त्या बांधकामाच्या आयुष्याची चर्चा वर्षांच्या हिशेबात होते. चुन्यात बांधलेल्या जाड दगडी भिंतीत सळयाच नसतात. तिचा खरा शत्रू पाणी, आणि दुसरा शत्रू चुकीची दुरुस्ती. शहरातल्या एका जुन्या कचेरीत जोत्यापासून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला मी पाहिला आहे. बोटाने ठोकले की पोकळ आवाज येत होता. एक पोपडा काढला तर मागच्या दरजांतला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना भुकटी होऊन हातात आला. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते, सिमेंटच्या कठीण थरातून ती बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे ती गिलाव्याच्या वर चढली होती आणि तिथे क्षारांचा पांढरा पट्टा उमटला होता. वर पाहिले तर पन्हळ पानांनी तुंबलेली आणि भिंतीत पिंपळ रुजलेला. अशा इमारतीला ‘वयामुळे जीर्ण’ म्हणणे हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

आधुनिक सोयी बसत नाहीत, या दाव्याला मुंबईत रोज उत्तर मिळते. १८८८ सालच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून मध्य रेल्वेचा कारभार चालतो आणि १८९३ सालच्या इमारतीतून मुंबई महापालिकेचा. अडचण सोयींची नसून त्या बसवण्याच्या पद्धतीची आहे. उंच दालनांत जुनी तक्तपोशी (फळ्यांचे लाकडी छत) न झाकताही केबल नेता येतात. वायरिंग भिंत न खोदता कडेने, उघड्या पण नीटनेटक्या पट्टीतून नेता येते. लिफ्ट मागच्या चौकात स्वतंत्र सांगाड्यावर उभी करता येते, म्हणजे जुन्या तुळयांवर तिचा भार येत नाही. दर्शनी भागावर एसीची यंत्रे टांगून त्यांचे पाणी कोरीव दगडावर सोडणे मात्र आधुनिकीकरण नव्हे.

आगीची भीती निराधार नाही. १८७९ मध्ये विश्रामबागवाड्याचा काही भाग जाळपोळीत नष्ट झाला होता. पण २०१२ मध्ये मंत्रालयाची काँक्रीटची इमारतही जळाली. कागदांचे ढिगारे, जुनाट वायरिंग आणि अडवलेले जिने दोन्ही प्रकारच्या इमारतींत सारखेच घातक असतात. सागाची जाड तुळई बाहेरून कोळसा होत हळूहळू जळते, ही जमेची बाजू असली तरी धूरसूचक यंत्रणा आणि सुटकेचा दुसरा जिना यांना पर्याय नाही.

खिळा ठोकायला मनाई, हेही चूक. बांधकामाच्या नियमावलीत वारसा वास्तूंच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत बंधने कडक आहेत; दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदलांना आणि नव्या वापराला परवानगीने वाव आहे.

आता खर्च. चुना मळून काम करणारे गवंडी आणि जुने सांधे जाणणारे सुतार कमी उरले आहेत. त्यांचे काम सावकाश होते आणि दर चौरस फुटाचा आकडा कधीकधी नव्या बांधकामाहून जास्त निघतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु संदेशातली तुलना अपुरी आहे. पाडकाम, राडारोडा वाहून नेणे, कचेरी अन्यत्र हलवून दोन-तीन वर्षे भाडे भरणे, हे त्यात धरलेलेच नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. उभी भिंत पाडून नवे काँक्रीट ओतण्याची ती किंमतही कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

पाडण्याचा निर्णय बहुधा इमारतीच्या मजबुतीच्या ज्या तपासणी अहवालावर उभा असतो, तोच आधी पाहावा. काँक्रीटसाठी बनवलेला रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून कठीणपणा मोजणारे उपकरण) दगड-चुन्याच्या भिंतीवर मारून काढलेला आकडा तिची ताकद सांगत नाही. भिंत एक-दोन जागी उघडून आतला भराव पाहणे, तुळयांची भिंतीत गेलेली टोके टोचून कुजली आहेत का ते तपासणे आणि भेगांवर पट्ट्या लावून त्या वाढतात का, हे एक पावसाळाभर नोंदवणे आवश्यक आहे. एवढे ज्यात नाही, त्या अहवालाच्या आधारे पाडकामाची निविदा काढली जाऊ नये, आणि काढली गेली तर नागरिकांनी लेखी हरकत नोंदवावी.