डार्क चॉकलेट घेताना पाकीट उलटं करून बघा

आपल्याकडे डार्क चॉकलेट हल्ली औषध म्हणून विकत घेतलं जातं. बीपी, शुगर, हृदय, सगळ्याला ते चांगलं, असा एक फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर फिरत असतो. मग दुकानात गेल्यावर बघायचं काय, तर टक्के. ७० पेक्षा ८५ भारी, ८५ पेक्षा ९९ भारी, जणू दहावीचा निकाल लागलाय. मला विचाराल तर पाकिटावरचा सगळ्यात कमी उपयोगाचा मजकूर तोच आहे.

टक्के म्हणजे कोकोच्या बीपासून आलेलं सगळं मिळून, म्हणजे कोको मास (बी दळून केलेला लगदा) अधिक कोको बटर (त्याच बीतली चरबी). ७०% च्या एका बारमध्ये मास ६० आणि बटर १० असेल, दुसऱ्यात ४५ आणि २५. पहिला कोरडा, तुरट, जिभेला धरणारा. दुसरा अलगद विरघळणारा. आकडा मात्र दोघांवर एकच. गंमत म्हणजे ५५% च्या बारमध्ये घटकांच्या यादीत साखर पहिली दिसू शकते आणि त्यात लबाडी काहीच नसते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मास आणि बटर वेगवेगळं लिहिलं की ४५ भाग साखर एकटीच सगळ्यांच्या पुढे जाते.

म्हणून मी आधी मागची बाजू वाचते. कोको बीन्स किंवा कोको मास, कोको बटर, साखर, फार तर लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक). एवढ्यावर यादी संपली तर बार हातात राहतो. पाम तेल, हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल दिसलं की परत फडताळात. महाबळेश्वर-लोणावळ्याला 'होममेड चॉकलेट' म्हणून सुटं मिळतं, दिवाळीला ओळखीतल्या कुणीतरी साच्यात घालून केलेलं येतं, त्यातलं पुष्कळसं डार्क कंपाऊंड वितळवून केलेलं असतं. कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी स्वस्त तेल असतं. ते टेम्पर करावं, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन चकचकीत घट्ट करावं लागत नाही, उघड्या काउंटरवरही तग धरतं, आणि खाल्ल्यावर टाळ्याला मेणाचा थर बसतो. विकणाऱ्याला सरळ विचारा, "कंपाऊंड आहे की कुव्हर्चर (कोको बटरचं खरं चॉकलेट)?" उत्तराच्या आधी चेहराच पुष्कळ सांगतो. मुलांच्या वाढदिवसाला कंपाऊंड चालेल हो, माझी हरकत नाही. फक्त ते डार्क चॉकलेटच्या भावाने घेऊ नका.

'अल्कलाइज्ड' हा शब्दही शोधा. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की रंग काळाभोर होतो, आंबटपणा जातो, आणि ज्या फ्लॅव्हनॉल्ससाठी, म्हणजे कोकोतल्या आरोग्याला चांगल्या मानल्या जाणाऱ्या द्रव्यांसाठी, तो फॉरवर्ड फिरतोय तेही बरेचसे जातात. काळंकुट्ट म्हणजे अस्सल, ही समजूत इथेच मोडते. चांगला बार कित्येकदा लालसर तपकिरी असतो. आणि औषध म्हणून रोज खाणाऱ्यांसाठी: २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २८ डार्क बार तपासले, सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं, २३ मध्ये यातलं निदान एक तरी, रोज एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) खाल्लं तर काळजी करावी इतकं. कोकोचा भाग जितका जास्त तितका हा प्रश्नही मोठा. आवडतं म्हणून दोन तुकडे खावेत.

आता घ्यायचं कुठलं? परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना ड्युटी-फ्रीची यादी देणं थांबवा, असं मी घरातसुद्धा सांगते. केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचं उत्तम चॉकलेट तिथेच होऊ लागलंय. ऑरोविलचं मेसन अँड कंपनी, म्हैसूरचं नाविलुना, कोचीचं पॉल अँड माइक, अनामलाईच्या स्वतःच्या बागेतल्या कोकोपासून करणारं सोकलेट, हैदराबादचं मानम. चव ठरते ती बी काढल्यानंतरच्या काही दिवसांत. गरासकट पेटीत आंबवणं आणि मग उन्हात वाळवणं नीट जमलं नाही, तर पुढे कितीही घोटा, कडू ते कडूच. आपल्या कोकोत एक फळाचा आंबटपणा असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला तो खटकतो, मला त्याचंच व्यसन आहे.

महाग आहे, मान्य. पश्चिम आफ्रिकेतलं पीक बुडालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. दोन पाकिटांची तुलना करताना ग्रॅम बघा. ५० ग्रॅमचा छोटा बार आणि १५० ग्रॅमचा मोठा यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये ऑनलाइन मागवूच नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि कुरिअरचं गोदाम काही एसी नसतं. बार वितळून परत घट्ट होतो आणि वर पांढरी छटा येते. ती बुरशी नाही, खाल्लं तर काही होत नाही, पण तुकडा मोडतानाचा तो 'टक' आवाज गेलेला असतो. मी थंडीत मागवून ठेवते. फ्रिजमध्ये ठेवायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास लागतो. काढल्यावर डबा लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे वर पाणी सुटत नाही.