काळी मिरी, लाल मिरची आणि जवानांच्या ‘खोट्या’ गोष्टी

26 जानेवारी, 26 जुलै आणि 15 ऑगस्ट. या तारखांच्या आगेमागे एक मेसेज नागपुरातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतो. माझ्याकडे तो यंदा चौथ्यांदा आला, तोही आमच्याच कॉलनीतल्या एका काकांकडून. काकांशी मला वाद घालायचा नाही, माणूस भला आहे. मेसेजशी घालायचा आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘सैनिकांवर काल्पनिक कथा-कादंबऱ्या लिहिणं हा त्यांचा अपमान आहे. एक, खऱ्या शौर्यकथा असताना खोट्या कशाला? दोन, ज्याने वर्दी घातली नाही त्याने लिहू नये. तीन, जवान घाबरतो, रडतो, कुरकुरतो असं दाखवून हे लेखक फौजेचं मनोबल खच्ची करतात. चार, ही सगळी इंग्रजीची नक्कल, मराठीत अशी परंपराच नाही. पाच, आजची पिढी हे वाचतही नाही.’ खाली तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’.

पुढे न पाठवता उत्तर लिहितेय. माझे बाबा एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतुकीच्या कोअरमध्ये, ट्रक चालवायचे आणि हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे ‘तुला काय कळतं’ हा सहावा मुद्दा कोणी काढू नये.

पहिला मुद्दा सगळ्यात गोड आणि सगळ्यात पोकळ. खरी गोष्ट आहेच, मग रचायची कशाला? पण खरी गोष्ट सांगायची मुभा जवानाला होती कधी? पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर होत असत. त्यासाठी बुलोनला वेगळं कार्यालयच थाटलं होतं. हे कळायला शिपायांना वेळ लागला नाही. मग कोणी घरी लिहायचं की हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी जवळजवळ संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरी पलटण. सावजी रश्शावर वाढलेल्या नागपूरकराला यातलं तिखट वेगळं समजावून सांगायला नको. सेन्सॉरचे कारकूनही बावळट नव्हते, त्यांनी हे ओळखलं आणि उतारे भाषांतर करून अहवालात टाकले. म्हणूनच ते आज आपल्याला वाचायला मिळतात.

आता मला सांगा, त्या पत्राला काय म्हणायचं? मिरी खोटी होती, मेलेली माणसं खरी होती. जवानावरची पहिली ‘काल्पनिक’ गोष्ट खंदकात बसून जवानानेच रचली, कारण खरी सांगितली असती तर पत्र पोहोचलंच नसतं.

बाबांची आंतर्देशीय पत्रं 56 एपीओवरून, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयातून, यायची. थंडी किती आहे ते त्यात असायचं, गाव कुठलं ते नसायचं. विहिरीला पाणी किती आहे हे मात्र ते दर पत्रात विचारायचे, मे महिन्यातही आणि भर पावसाळ्यातही. आईने ती सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. सगळी एका दमात वाचली तरी ट्रकच्या केबिनमध्ये माणूस काय करत होता, हे कळत नाही.

सरकारी मानपत्राचंही तसंच आहे. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आपल्या कामठीत आहे. याच रेजिमेंटच्या 14व्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का डिसेंबर 1971 मध्ये गंगासागरच्या लढाईत पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. मानपत्रात बंकर आहे, मशीनगन आहे, अंगावरच्या जखमा आहेत, आणि तेवढंच असायला हवं, कारण मानपत्राचं कामच ते. पण त्या रात्री त्याच रांगेत आणखीही माणसं उभी होती. कोणाचा बूट चावत होता, कोणाच्या खिशात उत्तर न लिहिलेलं पत्र होतं, हे कुठल्या कागदावर येणार?

इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. खऱ्या, नाव असलेल्या वीराच्या तोंडी मनची वाक्यं घालणं हा अपमानच. पण तो करतं कोण? कादंबरीकार बिचारा पात्राला नाव बदलून देतो आणि वर ‘काल्पनिक’ असं छापतो. ‘शहीद होण्यापूर्वीचे शेवटचे शब्द’ म्हणून रचलेली पत्रं, फोटोसकट, ‘सत्य घटना’ म्हणत कोण फिरवतं, ते आपापल्या फोनमध्ये बघून घ्यावं.

दुसरा मुद्दा: वर्दी नाही तर लेखणी नाही. सेवेत असलेल्या फौजीला सेवेच्या विषयावर काही छापायचं तर आर्मी रूल्स 1954 प्रमाणे आधी परवानगी लागते. म्हणजे ज्याने वर्दी घातली आहे त्याला सहज लिहिता येत नाही आणि ज्याला लिहिता येतं त्याने लिहू नये. मग लिहायचं कोणी?

अमेरिकी यादवी युद्धावरची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही गाजलेली कादंबरी स्टीफन क्रेनची, 1895 सालची. युद्ध संपलं 1865 ला, क्रेन जन्मला 1871 ला. लिहिण्याआधी त्याने लढाई पाहिलीच नव्हती, तरी काही माजी सैनिकांना तो आपल्यातलाच वाटला. इतक्या लांब जायचं नसेल तर ‘उसने कहा था’ घ्या. फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकातल्या शीख जवानांची ही गोष्ट 1915 मध्ये छापून आली, युद्ध चालू असतानाच. लेखक चंद्रधर शर्मा गुलेरी हे संस्कृतचे पंडित, आघाडीवर कधी न गेलेले. आणि घरचं उदाहरण म्हणजे ‘रारंग ढांग’. हिमालयात फौजेसाठी रस्ता खोदणाऱ्या माणसांची ही कादंबरी लिहिणारे प्रभाकर पेंढारकर चित्रपटाच्या क्षेत्रातले. तिच्यात शत्रू म्हणजे कडा, आणि दुसरा शत्रू म्हणजे नियमांचं पुस्तक. युद्ध नसतानाही फौज काय असते, हे मला तरी कुठल्या रणकथेपेक्षा त्या रस्त्यावर जास्त कळलं.

वर्दीबाहेरचे लेखक चुका करतात, हे मात्र शंभर टक्के खरं. एका दिवाळी अंकातली कथा मी बाबांना वाचून दाखवत होते. तिच्यात एक हवालदार तंबूत शिरतो आणि सगळे जवान ताडकन उठून त्याला सॅल्यूट मारतात. बाबांनी मला तिथेच थांबवलं. ‘मले तर चोवीस वर्षांत कोनी सॅल्यूट मारला नाही बाप्पा. कोन्या पलटणीत होता हा?’ हवालदाराला सॅल्यूट नसतो, तो मान अधिकाऱ्याचा. पुढे त्याच कथेत जवान एकमेकांशी स्वातंत्र्यदिनाचं भाषण दिल्यासारखे बोलत होते, तेव्हा बाबा पाणी प्यायला उठले ते परत आलेच नाहीत. बडाखाना म्हणजे पलटणीची पंगत, आजारी पडल्यावरचा सिक रिपोर्ट, सरकारी प्रवासाचं रेल्वे वॉरंट, ट्रान्झिट कॅम्पमध्ये काळ्या पेटीवर बसून काढलेले तीन दिवस, यातलं काहीच त्या कथेत नव्हतं. पण यावर उपाय म्हणजे लेखकाने कामठीत जाऊन चार पेन्शनरांसोबत चहा प्यावा. त्यासाठी लिहिण्यावर बंदी कशाला?

तिसऱ्या मुद्द्याचा मला राग येतो. जवान घाबरत नाही म्हणे. आर्मी अॅक्ट 1950 उघडा, कलम 34 काढा. शत्रूसमोर भ्याडपणा दाखवणं हा तिथे गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाते. जी गोष्ट घडतच नाही तिच्यासाठी कोणी फाशी लिहून ठेवत नाही. कायद्याला भीती ठाऊक आहे, ती फक्त व्हॉट्सअॅपला ठाऊक नाही.

आणि ‘जवान घाबरत नाही’ हे वाक्य निरुपद्रवी नसतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातले काही तोफांच्या माऱ्याने मनातून मोडले होते, हे पुढे मान्य झालं आणि 2006 मध्ये कायदा करून सगळ्यांना माफी दिली गेली. तोवर त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बायका-मुलांचीही आयुष्यं संपली होती. भीतीला जागा न ठेवणारी गोष्ट अशा ठिकाणी जाऊन पोहोचते.

आपल्याकडे तरी हे शहाणपण जुनं आहे. विराटाचा मुलगा उत्तर आठवतो? अंतःपुरात बढाया मारून रथावर चढला, कौरवांची सेना पाहिली आणि उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेने धरून आणला. आपण त्याला हसतो आणि तिथेच सोडून देतो. पण व्यासांनी सोडलेला नाही. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो शल्यावर चालून जातो आणि पडतो. पळालेला आणि पडलेला पोरगा एकच. पळाला हे व्यासांनी लपवलं असतं तर त्याच्या पडण्याला वजन आलं असतं का? मनोबल खच्ची होण्याची काळजी असणाऱ्यांनी महाभारतातून विराटपर्व काढून दाखवावं.

‘कुरकुर’ हा शब्द तर मला विशेष आवडला. सियाचीनवर आपली फौज एप्रिल 1984 मध्ये चढली. नोव्हेंबर 2003 पासून तिथे युद्धबंदी आहे, पण हिमकडे कोसळायचे थांबलेले नाहीत. आजवर तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवेने आणि बर्फाने जास्त माणसं मारली आहेत. अशा ठिकाणी महिनोन्महिने राहणारा माणूस कुरकुर करणार नाही तर काय आरती म्हणेल? ओव्यासुद्धा कंटाळ्यातूनच आल्या, जात्यावरच्या बायांना विचारा.

चौथा मुद्दा, परंपरेचा. हा अर्धा खोटा आहे. अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचणारा अज्ञानदास शाहीर होता, शिपाई नव्हे. तानाजीच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड इतिहासकारांना मान्य नाही, म्हणून आपण पोवाडा ऐकणं सोडलेलं नाही. लढणाऱ्याने लढायचं आणि रचणाऱ्याने रचायचं, ही वाटणी आपल्याकडे साडेतीनशे वर्षं तरी चालू आहे.

उरलेला अर्धा मात्र टोचतो. साध्या शिपायाच्या रोजच्या जगण्यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं. ‘रणांगण’ नावाची आपली थोर कादंबरीसुद्धा एका बोटीवर घडते. पण ‘परंपरा नाही’ म्हणून लिहूच नये, हा न्याय अजब आहे. आणि विषय नाहीत म्हणाल तर बर्डीवर या.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. एवढं शाळेत येतं. त्यानंतरचं येत नाही. डिसेंबरच्या मध्यात अप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, राजाच्या लेखी लढाई संपली. पण त्याच्या पदरचे अरब शिपाई शहरात ठाण मांडून बसले. इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, हल्ला केला तो त्यांनी परतवला. डिसेंबरच्या शेवटी अटी ठरल्या आणि ते बायकामुलं, सामान घेऊन निघून गेले.

हजारो मैलांवरून नागपुरात आलेला माणूस. मालक शरण गेलेला. घरात बायको, कदाचित इथलीच. बाहेर तोफा. तो कोणासाठी लढत होता त्या दहा-बारा दिवसांत? इंग्रजांच्या कागदांत तो फक्त ‘अरब’ आहे, भोसल्यांच्या इतिहासात तेवढाही नाही. त्याची ‘सत्य घटना’ कोणाकडे असेल तर मेसेजवाल्यांनी खुशाल पाठवावी. नसेल तर ती कोणीतरी रचायलाच लागेल, आणि रचणारा वर्दीतला असण्याची शक्यता कमी आहे.

पाचव्या मुद्द्याला उत्तर देण्यासारखं काही नाही. वाचत नाहीत तर अपमान कोणापर्यंत पोहोचतो?

हे सगळं ग्रुपवर टाकण्याआधी काकांना फोनवर ऐकवलं. काका म्हणाले, ‘मी पूर्ण वाचलाच नव्हता तो मेसेज, खाली झेंडा दिसला म्हणून पाठवला.’ मग म्हणाले, जुम्मा दरवाज्याचं ठाऊकच नव्हतं, रोज तिथून भाजी आणतो. बर्डीचा किल्ला लोकांना वर्षातून मोजके दिवसच बघायला मिळतो: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. पुढच्या वेळी आम्ही दोघं जायचं ठरवलंय. बाबांनाही विचारलं. चढण फार नसेल तर येतो म्हणाले.