काका, वायरीचं तुमचं बरोबर, लाईटचं अर्धं

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. एकदा राग आला म्हणून, एकदा समजून घ्यायला, आणि तिसऱ्यांदा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीसमोर बसून. "वयानं मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो" असं तुम्ही म्हटलंय. स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. बेळगावच्या उद्यमबागेत इतकी वर्षं मोटरींची पॅनलं हाताळलेला माणूस माझं सर्किट एवढं बारकाईनं बघतो, याचं मला अप्रूप आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे खाऱ्या पाण्याची चार फुटी माशांची टाकी आहे. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून खालच्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. (याला सम्प म्हणतात. पण आपल्याकडे संप म्हटलं की अंगणातला नळाच्या पाण्याचा हौद, म्हणून मी खालची टाकीच म्हणते.) पातळी चुकली की पंप बंद करणारी पेटी मी घरी केली आणि तिचं सर्किट लेखात दिलं. त्यावर तुमचे आक्षेप चार. फ्लोटची, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन सर्किट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या गोळ्याच्या स्विचची, वायर तुटली तर पंप चालूच राहील. लाईट जाऊन आली की पंप आपोआप सुरू होणार नाही आणि मासे मरतील. फ्लोटला मीठ धरून तो अडकला की सगळा खेळ खलास. आणि लहान पोरं असलेल्या घरात मीठपाण्याशेजारी २३० व्होल्टचा जुगाड करायला लोकांना शिकवू नका, तयार कंट्रोलर घ्या म्हणावं.

पहिल्या आक्षेपावर मला वाद घालायचाच नाही. चूक माझी आहे. लेखातल्या आकृतीत पाणी कमी झालं की फ्लोट सर्किट जोडतो, रिले (कॉइलीत वीज आली की ओढला जाणारा, गेली की सुटणारा स्विच) ओढला जातो आणि पंपाची वीज तुटते, असं दाखवलंय. म्हणजे उंदरानं वायर कुरतडली, कनेक्टर गंजला, १२ व्होल्टचा अडॅप्टर गेला, तर पेटी मुकी होते आणि पंप बिनधास्त चालत राहतो. हे उलटं हवं. पाणी पुरेसं असेल तोवरच सर्किट जोडलेलं, रिले ओढलेला, पंप चालू. पाणी उतरलं, वायर तुटली, अडॅप्टर जळला, काहीही झालं तरी रिले सुटला पाहिजे.

मला याची जास्त लाज वाटते ती एका कारणानं. आमचं घर वडगावचं. वडिलांचे चार माग होते. मागावर बाण्याचा (आडवा) धागा तुटला की काटा मोकळा पडतो आणि माग जागच्या जागी थांबतो, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघितलंय. धागा आहे म्हणून माग चालतो. धागा तुटल्याचं मागाला कोणी कळवावं लागत नाही. हेच तत्त्व माझ्या पेटीत हवं होतं. ज्यांनी जुनी आकृती बघून पेटी केली असेल त्यांनी आजच बदल करावा. त्यासाठी नवा फ्लोट लागत नाही. त्या छोट्या प्लॅस्टिकच्या उभ्या फ्लोटची खालची चकती काढायची, तरंगणारा गोळा उलटा बसवायचा आणि चकती परत लावायची. मल्टीमीटर बीपवर ठेवून बघा: गोळा वर असताना आवाज आला पाहिजे.

आता लाईटचं. इथं तुमचं अर्धं बरोबर आहे.

मी पेटीला शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरसारखा होल्ड दिला होता. हिरवं बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही, एकदा पडला की पडलेलाच. तुम्ही म्हणता, वळवाच्या दिवसांत दुपारी चार वेळा लाईट जाते-येते, बाई कामावर, घरात बटण दाबायला कोण? खरंय. पण मी होल्ड का दिला तेही सांगायला हवं होतं, ते लेखात राहूनच गेलं.

पहिल्या पेटीला होल्ड नव्हता. एका रात्री एक गोगलगाय ओव्हरफ्लोच्या तोंडात जाऊन बसली. वरून पाणी उतरेना, पंप मात्र खालचं वर ओढत राहिला. वरची टाकी काठोकाठ भरून सांडली, खालची उतरली, फ्लोट पडला, पंप थांबला. इथवर ठीक. पण पंप थांबताच त्याच्याच पाइपातून वरचं पाणी सायफननं परत खाली आलं, फ्लोट उचलला गेला आणि पंप पुन्हा सुरू! दोन-तीन मिनिटांनी परत बंद, परत सुरू. रात्रभर. त्यात बाष्पीभवन भरून काढणारा ऑटो टॉप-अप. त्याला वाटलं पाणी उडून गेलं म्हणून पातळी घटली. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून टॉप-अप गोड्या पाण्याचा असतो. त्यानं २० लिटरचा अख्खा कॅन ओतला आणि तेवढंच मीठपाणी जमिनीवर गेलं. सकाळी पायाखाली ओल लागली म्हणून जाग आली. पाण्याची घनता १.०२५ वरून १.०२३ वर आली होती. मासे तगले. शेवाळासारखा पसरलेला एक मऊ कोरल मात्र आठवडाभर मिटून राहिला. मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघायची.

म्हणून पाण्यामुळं पडलेला पंप माणसानं बघितल्याशिवाय उठता कामा नये, यावर मी ठाम आहे. माझं चुकलं ते एवढंच, की पाण्यामुळं पडणं आणि लाईटमुळं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच बटणावर आणून ठेवल्या.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर अडॅप्टर काढून टाकला. कंट्रोलचा १२ व्होल्टचा भाग आता यूपीएसमध्ये असते तसल्या ७ अँपिअर-तासाच्या सीलबंद बॅटरीवर आहे आणि चार्जर तिला कायम भरत राहतो. लाईट गेली की पंप थांबतो, पण रिले बॅटरीवर ओढलेलाच राहतो, कारण सायफननं खालची टाकी भरलेली असते आणि फ्लोट वर असतो. लाईट आली की पंप आपला आपण सुरू. पाण्यामुळं फ्लोट पडला तर मात्र रिले सुटतो, होल्ड मोडतो, आणि मग लाईट दहा वेळा येवो-जावो, हिरवं बटण दाबेपर्यंत पंप उठत नाही. रिले दोन आहेत, दोघांच्या कॉइली मिळून १५० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे हिशेबानं ४६ तास. बॅटरी जुनी म्हणून निम्मंच धरा, तरी एक रात्र निघते. आणि बॅटरी पूर्ण मेली तर? रिले सुटतो, पंप बंद. म्हणजे तीही पडते ती बंदच्याच बाजूला. तीन आठवडे हे चालवून बघितलं आणि मगच तुम्हाला लिहायला बसले.

जोडणी अशी: बॅटरीच्या धनापासून निघायचं, दोन फ्लोट एकामागं एक. खालच्या टाकीतला पाणी कमी झालं की तोडतो, वरच्या टाकीतला पाणी काठाकडं चढलं की तोडतो. पुढं हिरवं बटण, त्याला समांतर पहिल्या रिलेचा एक पॉइंट (रिले ओढला की जुळणारा संपर्क), हाच होल्ड. मग कॉइली आणि ऋण. पहिल्या रिलेचा दुसरा पॉइंट आणि दुसऱ्या रिलेचा एक पॉइंट पंपाच्या फेजमध्ये, एकामागं एक. दुसऱ्या रिलेचा उरलेला पॉइंट टॉप-अपच्या पंपात. तो तोडणं मला मुख्य पंप तोडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक कॉइलीवर उलटा डायोड हवाच, नाहीतर कॉइल सुटतानाचा झटका फ्लोटच्या आतले नाजूक पॉइंट खातो. तसले फ्लोट सहसा १० वॅटचेच असतात. त्यांच्यातून थेट पंप कधीही चालवू नका.

राहिला माशांच्या श्वासाचा प्रश्न. काका, तो या पंपावर टाकायचाच नाही. पाणी हलवणारा वेव्हमेकर मी इन्व्हर्टरवर वेगळा ठेवलाय, आणि लाईट गेली की सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप निराळा. पाण्याचा पृष्ठभाग हलत असला की प्राणवायू विरघळत राहतो, खालच्या टाकीतून पाणी फिरलंच पाहिजे असं नाही.

तिसरा आक्षेप, फ्लोट अडकण्याचा. तो सगळ्यात चांगला आहे, आणि त्याचं उत्तर वायरीत नाही. मीठपाण्याचे शिंतोडे जिथं वाळतात तिथं भिंतीला लोणा धरावा तसं मीठ चढत जातं. फ्लोटच्या दांडीवरही चढतं. मी फ्लोट दीड इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात उभा केलाय, खाली दोन चिरा पाडून. त्यामुळं लाटेनं तो नाचत नाही, गोगलगाय जवळ येत नाही. दर संकष्टीला पाइप काढून गोड्या पाण्यात धुते, दोन्ही फ्लोट हातानं पाडून पंप खरंच थांबतो का बघते. (दुकानात पाण्याच्या टाकीचा पितळी फ्लोट देतात, तो इथं नको. तांबं सुटलं की गोगलगायी, कोरल मरतात.) तरीही तो कधीतरी अडकणारच असं धरून चालायचं. मग पाण्याचाच हिशेब असा मांडायचा, की फ्लोट अडकला तरी थेंब बाहेर पडू नये.

वरची टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर वाढायला ५.४ लिटर लागतात. काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळे ठेवलेत: १६ लिटरची जागा. पूर्वी खालच्या टाकीत पंपाचा कप्पा ६० बाय ३५ चा होता आणि फ्लोट नेहमीच्या पातळीच्या १२ सेंटिमीटर खाली. म्हणजे फ्लोट पडेपर्यंत २५ लिटर वर जायचे. जागा १६ ची, नऊ लिटर जमिनीवर. फ्लोटनं त्याचं काम चोख केलं होतं, पंप जळला नाही; पण फरशी भिजणार हे माझ्या मोजमापातच लिहिलेलं होतं. मग मी काचेची आडवी पट्टी चिकटवून तो कप्पा २५ बाय ३५ चा केला. आता फ्लोट १० सेंटिमीटरवर पडतो, तेवढ्यात पावणेनऊ लिटर वर जातात आणि वरची पातळी १.६ सेंटिमीटर चढते. फ्लोट अडकलाच, तर पंपाच्या तोंडापर्यंत आणखी ६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच लिटर. एकूण १४. तरी १६ च्या आत! पंप कोरडा चालून तापेल, कदाचित जळेल. घर कोरडं राहील.

उलट बाजूचाही हिशेब करायचा. पंप थांबल्यावर पाइपाचं तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत पाणी खाली येतं. माझ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली २ सेंटिमीटर, म्हणजे ११ लिटर, आणि पाइपातलं तीनेक. खालची टाकी ९० बाय ३५ ची, ती साडेचार सेंटिमीटर चढते. तेवढी जागा रिकामी हवी. लोक पाइपाला बारीक भोक पाडून किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून निर्धास्त होतात. भोक शेवाळानं बुजतं, व्हॉल्व्हमध्ये मिठाचा खडा अडकतो. असावेत, पण हिशेबात धरू नयेत.

विजेच्या धोक्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातला शब्दही मी खोडणार नाही. समुद्राच्या पाण्यातून वीज नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट सहज वाहते. लेखात मी "एमसीबी लावलाय" एवढं लिहून पुढं गेले, ते अपुरं होतं. ६ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की लाइन तोडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला मारायला लागणाऱ्या करंटची तो दखलही घेत नाही. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज बाहेर गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग नसेल तर पेटी करूच नका. माझ्याकडे तो आहे, लायसनवाल्या वायरमनकडून बसवून घेतलेला, आणि त्याचं टेस्ट बटणही संकष्टीच्याच यादीत आहे. पेटी टाकीच्या स्टँडमध्ये नाही, बाजूच्या भिंतीवर, भाचीच्या हाताला येणार नाही इतकी उंच. प्रत्येक वायरीला पेटीच्या खाली झोळ दिलाय, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल. ज्यांना २३० व्होल्टला हात लावायची सवय नाही त्यांनी २४ व्होल्टचा डीसी पंप घ्यावा आणि रिले त्या २४ व्होल्टच्या वायरीतच टाकावा. मी आज नव्यानं सुरुवात केली असती तर तेच केलं असतं.

तयार कंट्रोलर जरूर घ्यावा, परवडतो त्यानं. त्याच्याही टोकाला असाच फ्लोट असतो आणि त्यालाही मीठ धरतं. कप्प्याचं माप तोही बदलून देत नाही.

सुधारलेली आकृती या रविवारी लेखात टाकते, जुनी खोडून, आणि वर लाल अक्षरात लिहिते की आधीची चुकीची होती. त्याआधी एक बघून द्या. रिलेचे पॉइंट चिकटले तर कॉइल सुटूनही पंप चालू राहील, म्हणून दोन रिले एकामागं एक घेतलेत. दोघांच्या मधल्या तारेला एक निऑनचा दिवा जोडलाय. पंप पडलेला असताना तो दिवा पेटलेला दिसला, की पहिल्याचे पॉइंट चिकटले. दुसऱ्याचे चिकटले तर मात्र तो दिवा काही सांगत नाही, म्हणून दर महिन्याला पहिला रिले मुद्दाम दाबून धरून दुसऱ्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते. तुमच्या पॅनलमध्ये यासाठी काय करत होता, ते लिहा. आकृती तोवर थांबवते.