गोधडीची हद्द कायम मोजणी

बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. कागदोपत्री पद भूकरमापक, पण गावोगावी ‘मोजणीवाले साहेब’. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीभर लांब नि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. झोपेतून उठवून विचारा. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असताना मी शांतपणे हद्द कायम करून दिलेली आहे. तेव्हा हिचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि लेकीच्या गोधडीचे काठ लावायचे राहिले, तेव्हा मी सहज म्हणून गेलो, “त्यात काय, मी लावतो.”

“मोजून लावा,” ही म्हणाली.

मला! मोजून!

गोधडीचा वरचा थर हिनं तयार करून ठेवला होता. घरातल्या जुन्या साड्यांचे चौकोन, आडवे १०, उभे १५. कागदावर हिशोब ६० बाय ९० इंच. काठ माझ्या आईच्या इरकली लुगड्याचा, तीन इंच रुंद. लुगडं नऊवारी, म्हणजे काठ ३२४ इंच. गोधडीचा घेर ३००. चोवीस इंच शिल्लक. असा सुटसुटीत सातबारा नोकरीत कधी पाहिला नव्हता.

मग मोजायचं कशाला? मशीनवर काठ खाली ठेवला, गोधडी वर ठेवली, आणि पायडल मारत सुटलो. कड संपली तिथे काठ कापला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पाऊण तासात दोन लांब बाजू फत्ते. गोधडी फरशीवर अंथरली आणि दोघंही बघत राहिलो. मधला भाग सपाट, शहाणा. कडा मात्र लाटा मारत होत्या. एका कोपऱ्यावर हातानं दाबलं की दुसरीकडे उचलायची.

“गोधडी शिवताय की परकर?”

मी टेप आणली. डाव्या बाजूला काठ लागला होता साडेत्र्याण्णव इंच, उजव्या बाजूला ९२. आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे चौथीत शिकवतात. मग मला माझं शिक्षण आठवलं आणि कर्ण घेतले. एक १०७, दुसरा एकशे साडेनऊ. या आकाराचा नकाशा मी साहेबांपुढे ठेवला असता तर त्यांनी मलाच बांधावर उभं केलं असतं.

ही पलंगावर बसून सांगत होती. साड्यांचा विरलेला भाग टाळून चौकोन कापले, त्यामुळे निम्मे उभ्या धाग्यावर नाहीत, तिरके, उरेब गेलेत. उरेब कापड ओढलं की वाढतं. मधल्या चौकोनांना चारही बाजूंनी शेजारी धरून असतात. कडेच्या चौकोनांची एक बाजू मोकळी, ती हाताळून हाताळून सैलावते. म्हणून गोधडी कडेला मोजायचीच नाही. मधून मोजायची, तीन ठिकाणी, आणि सरासरी काढायची.

बत्तीस वर्षं मी कडाच मोजल्या होत्या.

रात्री दहापर्यंत ब्लेडनं उसवलं. मधून मोजलं: ८९, साडेएकोणनव्वद, ९०. दोन्ही काठ साडेएकोणनव्वदला बरोबर कापले. काठाचे आणि गोधडीचे निम्मे, पाव असे भाग करून खडूच्या खुणा केल्या, खुणेला खूण टाचली. हे मला आवडलं, यात आमच्या खात्याची शिस्त होती. पण टाचण्यांच्या मध्ये गोधडीचं कापड जास्त, काठ कमी.

“आता जास्तीचं कापड खाली घ्या. मशीनचे दात खालचं कापड भराभर पुढे नेतात, वरचं मागे रेंगाळतं. दात खातात ते जास्तीचं.”

म्हणजे आधी मी काठ खाली ठेवला होता तो दातांना खायला घातला होता. माझ्या आईची वाकळ आठवली. ती कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायची, टेपबिप काही नाही, हातानं वीत टाकायची. घरात मोजणारा मुलगा जन्माला आल्याचं तिला कधी कौतुक वाटलं नाही, ते का हे आता कळतंय.

लांब बाजू सपाट बसल्या. फुशारकीत मी वरखालचे दोन काठही मधल्या मापानं कापले, नेमके ६० इंच. लावायला गेलो तर दोन्ही टोकांना उघडं. बाजूचे तीन-तीन इंची काठ आता जोडले गेले होते ना! रुंदी पुन्हा मोजायला हवी होती. लुगड्यातला काठ उरला होता दोन विती.

“माया तरी सोडली होती का?”

शिवणकामात शिलाईसाठी जास्त सोडतात त्या कापडाला माया म्हणतात. प्रश्न त्याच मायेबद्दल होता असं मी धरून चाललो.

हिनंच तोडगा काढला. लुगड्याच्या तांबड्या पदराचे चार चौकोन कापायचे, साठच्या काठाला दोन्ही टोकांना जोडायचे. कोपऱ्यात तांबडा चौकोन, मध्ये काठ. चार कोपऱ्यांना चार! माझे डोळे भरून आले. हद्दीचे दगड.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोधडी फरशीवर अंथरली. कर्ण अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते, पण कडा जमिनीला टेकल्या होत्या. मी टेपची गुंडाळी करून खिशात टाकली.

“लगतच्या खातेदारांच्या सह्या घेऊ का?”

ही चष्मा लावून, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, कडेकडेनं फिरली. डाव्या काठाच्या मध्यावर थांबली. तिथे बोटभर चुणी होती.

“हे काय?”

“अतिक्रमण,” मी म्हणालो.

हिनं काही न बोलता ब्लेड पुढे केलं.