वीस मीटरांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार झाल्यावर तुमची बहीण व्यायामाला जाऊ लागली, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत आधीपेक्षा वीस मीटर जास्त चालली, आणि मी मात्र मागच्या लेखात लिहिलं की एकीच्या बाबतीत एवढ्या फरकावरून ठामपणे काही म्हणता येत नाही. ‘बायकांचे कष्ट तुम्ही टेपने मोजता’ हेही तुम्ही सुनावलंत. राग समजतो, पण त्या वाक्यावर मी अजून ठाम आहे.

ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे : सहा मिनिटांत जमेल तेवढं अंतर चालायचं. तीस मीटरचा सपाट पॅसेज, दोन टोकांना खुणेचे दोन शंकू, मध्ये येरझाऱ्या. वीस मीटर म्हणजे त्यातली एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. पॅसेज आखूड असला की वळणं वाढतात, प्रत्येक वळणाला पाय अडखळतात आणि अंतर घटतं. शेजारी उभा असलेला माणूस ‘चला चला, अजून जोरात’ म्हणाला की ते वाढतं. म्हणून तर अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसांच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेने 2002 च्या सूचनांमध्ये दर मिनिटाला काय बोलायचं तेही ठरवून दिलंय. शिवाय दुसऱ्या खेपेला दम कसा पुरवायचा हे बाईला कळलेलं असतं. ताकद तेवढीच असली तरी आकडा चढतो.

समजा, या मोजमापातली प्रमाण त्रुटी, म्हणजे ताकद तेवढीच असताना आकडा साधारण जेवढा इकडेतिकडे होतो ती, 8 मीटर आहे. मग एका व्यक्तीतला बदल 95 टक्के खात्रीने खरा मानायला साधारण 22 मीटर लागतात. तुमच्या बहिणीचे वीस त्याच्या जरा अलीकडे राहतात. ती सुधारली नाही असं मी म्हणत नाही. एवढ्या पुराव्यावर ते सिद्ध होत नाही, इतकंच.

आता तुमचा खरा मुद्दा : तिला जाणवलं, त्याचं काय? इथे मी तुमच्या बाजूचा आहे. ‘तीस मीटरच्या खालचं काही खरं नाही’ असं बरेच जण सर्रास फेकतात. तो आकडा फुप्फुसांच्या जुनाट आजारांच्या रुग्णांवरून आलाय. त्याच चाचणीसाठी 1997 मध्ये सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांवरून 54 मीटर सांगितले गेले होते. तिथे रुग्णांना आपली चाल इतर रुग्णांशी ताडून पाहायला सांगितलं होतं. पद्धत बदलली, माणसं बदलली की उंबरठा, म्हणजे रुग्णाला जाणवेल असा कमीत कमी फरक, हलतो. मग तो उचलून स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या बाईला लावायचा कशाच्या आधारावर?

तिला अडवणारी कारणंच निराळी. टॅक्सेन गटातल्या केमोच्या औषधांनी तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या अरोमाटेज इनहिबिटर गोळ्यांनी सांधे धरतात. काही औषधांचा हृदयावर ताण येतो, हिमोग्लोबिन उतरतं, आणि तो थकवा तर झोपूनही जात नाही. वर चाचणीत धावायला बंदी! 580 मीटर चालणारीला पुढे जायला जागाच कुठे उरते? 320 वरून 340 आणि 560 वरून 580, दोन्ही वीसच, पण जगण्यात एकसारखे नव्हेत.

म्हणून उंबरठा याच बायकांना विचारून ठरवायला हवा. ‘बरंच बरं, थोडं बरं, तसंच, आधीपेक्षा वाईट’ यातलं काय, हे त्यांनी सांगायचं आणि ‘थोडं बरं’ म्हणणाऱ्यांचं अंतर सरासरी किती वाढलं ते पाहायचं. नुसत्या पी-व्हॅल्यूवर, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यावर, भिस्त ठेवू नका. गट पुरेसा मोठा असला की पाच मीटरही ‘लक्षणीय’ ठरतात. आणि केमो चालू असताना अंतर घटलं नाही, तर व्यायाम न करणाऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय त्याला ‘काही फरक नाही’ म्हणणं मला पटत नाही.

बहिणीची पुढची चाचणी त्याच पॅसेजमध्ये, शक्यतो त्याच वेळेला करून घ्या. आणि आकडा दाखवण्याआधी तिला विचारा, जिना चढताना आता कसं वाटतं.