डॉक्टर कधी येणार?

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्रभर मनातल्या मनात भांडत बसेन. मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तरच वाचा.

इथे यॉर्कशरमध्ये आम्हा आठ-दहा मराठी घरांचं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जेवण असतं. आज ज्यांच्याकडे होतं ते दादा आमच्यात वडीलधारे, फार मायेचे. आम्ही नवीन आलो तेव्हा कुकर आणि दोन रजया त्यांनीच घरी आणून दिल्या होत्या. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा असा बेत. मागे बालगंधर्व लागलेले. बोलता बोलता विषय 'डॉक्टर हू'वर गेला आणि दादा भात वाढता वाढता म्हणाले, "बाई केली आणि बुडवली सिरीयल." सगळे हसले. बायकाही हसल्या. मी भात कालवत राहिले, एक शब्द बोलले नाही. दादांपेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आलाय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसीची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. नायकाला नाव नाही, नुसता 'डॉक्टर'. परग्रहावरचा, दोन हृदयांचा, पोलिसांच्या जुन्या निळ्या खोक्यात बसून काळात पुढेमागे हिंडणारा. मरायला टेकला की त्याचं सगळं शरीर बदलतं: चेहरा, वय, आवाज, स्वभावसुद्धा. १९६६ मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा काढलेली ही युक्ती. आजही मालिका त्याच युक्तीवर उभी आहे. नायक बदलतो म्हणून तर गोष्ट जिवंत राहिली.

आणि १६ जुलै २०१७ ला, विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपल्यासंपल्या, बीबीसीने नवा डॉक्टर दाखवला. जंगलातून कुणीतरी चालत येतंय, डोक्यावरची टोपी मागे सरते, आणि आत जोडी व्हिटेकर. चोपन्न वर्षांत पहिली बाई.

मग जे सुरू झालं! ह्याच लोकांनी म्हाताऱ्याचा तरुण झालेला चालवून घेतला होता. कोटावर सेलरीची काडी खोचून फिरणारा चालवून घेतला, गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा कोट घातलेला चालवून घेतला. बाई आली आणि एकदम सगळ्यांना शास्त्र आठवलं. "असं होऊच शकत नाही" म्हणे. बाहेरून कपाटाएवढं आणि आतून वाड्याएवढं खोकं मात्र होऊ शकतं! आणि सगळ्यांत जास्त फिरलेलं वाक्य कुठलं, तर "हा डॉक्टर हू आहे, नर्स हू नाही."

ते वाक्य मी वाचलं तेव्हा पोटात कालवलं. कारण ते मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकतेय.

७ ऑक्टोबर २०१८, रविवार. व्हिटेकरचा पहिला भाग त्या संध्याकाळी होता आणि माझी ड्यूटी. वॉर्डात एक आजोबा दाखल झाले होते, पंच्याहत्तरीचे, छातीत कफ, ताप. मी गळ्यात स्टेथोस्कोप घालून पाच मिनिटं त्यांना प्रश्न विचारले, पाठ तपासली, औषधं सांगितली. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "थँक यू लव्ह. आता डॉक्टर कधी येणार?" ('लव्ह' म्हणजे इथलं आपल्या 'बाळ'सारखं, कुणालाही मायेने म्हणतात.)

मी म्हटलं, "मीच डॉक्टर."

म्हणाले, "हो, पण खरे डॉक्टर?"

नर्स म्हणवून घेण्यात मला कमीपणा नाही. माझ्या हातात जे काही कसब आहे त्यातलं निम्मं मिरजेच्या आणि इथल्या सिस्टर लोकांनी शिकवलेलं आहे. पण मी समोर उभी असताना त्यांना मी दिसलेच नाही. आणि हे इंग्रजांचंच दुखणं आहे असं कुणी समजू नका. तासगावला बाबांच्या दवाखान्यात सगळे माझ्या आईला डॉक्टरीणबाई म्हणत. आई बी.ए., तिने जन्मात कुणाला गोळी दिली नाही. आणि मी एम.बी.बी.एस. होऊन पहिल्यांदा बाबांच्या खुर्चीत बसले, तेव्हा पहिलाच पेशंट दारातून डोकावला आणि म्हणाला, "डॉक्टर न्हाईत? मग उद्या येतो." डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरची बायको, हे गावाला पक्कं माहीत होतं. खुर्चीतली कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

असो. आजोबांकडे परत येते, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

त्यांना सलाईन लावायचं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा फसव्या असतात. हाताच्या पाठीवर निळ्या दोरीसारख्या उठून दिसतात, कातडी पातळ कागदासारखी झालेली असते, वाटतं डोळे मिटून लागेल. सुई टेकवली की शीर बाजूला सरकते. मी गुलाबी कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) घेतली, दंडाला पट्टा बांधला, अंगठ्याने कातडी ताणून धरली, सुई घातली. रक्त दिसलं आणि लगेच थांबलं. शीर फुटली, कातडीखाली जांभळं झालं. आजोबा म्हणाले, "त्या मुलाला बोलवा ना." तो मुलगा म्हणजे माझा ज्युनियर, डॉक्टर होऊन जेमतेम दोन महिने झालेले. तो आला. त्याची पहिली चुकली. दुसरी चुकली. आजोबा त्याच्या दंडावर थोपटत म्हणाले, "तुझी काही चूक नाही बेटा. माझ्या शिराच वाईट आहेत."

माझी चुकली तेव्हा हात वाईट. त्याची चुकली तेव्हा शिरा वाईट.

दादांचं वाक्य ऐकताना मला नेमकी तीच जांभळी झालेली कातडी आठवली. "बाई केली आणि बुडवली." १९८५ मध्ये मालिका अठरा महिने खुंटीवर टांगली होती, तेव्हा डॉक्टर कॉलिन बेकर. १९८९ मध्ये बंदच पडली, पुढे सलग मालिका म्हणून यायला २००५ उजाडलं. तेव्हा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय. दोघेही पुरुष. कुणी म्हणालं का, की पुरुष घेतला आणि बुडवली? नाही. तेव्हा लेखन वाईट होतं, पैसे कमी होते, वरच्या साहेबांना मालिका नको होती. सगळी कारणं खरी आणि सगळी शिरांची! आणि व्हिटेकरच्या वेळी मात्र हातच वाईट.

बरं, मान्य करते, तिच्या वाट्याला आलेल्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी ढिल्या होत्या. तीन-तीन सोबती, त्यामुळे कुणालाच धड जागा नाही. २०२० मध्ये डॉक्टरचा सगळा जन्मवृत्तांतच फिरवून टाकला, तो मलाही रुचला नाही. पहिला भाग एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला, नंतर आकडे घसरत गेले, हेही खरं. पण त्या गोष्टी तिने लिहिल्या नव्हत्या.

आणि हे काही २०१७ मध्ये कुणाच्या डोक्यातून अचानक आलेलं खूळ नव्हतं. सिडनी न्यूमन, ज्यांनी ही मालिका मुळात उभी केली, त्यांनीच १९८६ मध्ये बीबीसीला लिहून कळवलं होतं की डॉक्टरची बाई करा. २०१४ मध्ये डॉक्टरचा जुना वैरी मास्टर बाई होऊन आला, मिशेल गोमेझ, आणि काय झकास काम केलं तिने. तेव्हा एवढी बोंबाबोंब झाली नाही. खलनायिका चालते. जिच्या मागे विश्वासाने जायचं, जी म्हणेल "पळा" की पळायचं, तिथे बाई नको. मला तरी हेच मूळ दिसतं आणि मी ह्यावरून हटणार नाही.

आता लिहिता लिहिता जरा शांत होतेय, म्हणून एक कबुली. पीटर डेव्हिसन, पाचवा डॉक्टर, त्याच २०१७ च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, म्हणाले होते की लहान मुलांच्या हातून एक आदर्श गेला ह्याचं वाईट वाटतं. मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, त्या माणसाचं अगदीच चूक नव्हतं. ठोसे न मारता, बंदूक न उचलता, नुसत्या डोक्याने आणि दयेने जिंकणारे पुरुष नायक मुलग्यांना मिळतात किती? पण तिथेच त्यांच्या शेजारी कॉलिन बेकर होते आणि ते ताडकन म्हणाले की माणूस म्हणून आदर्श होता येत नाही का? तेच कॉलिन बेकर, ज्यांना ह्या मालिकेने सगळ्यांत वाईट वागवलं. मला ते ऐकून भरून आलं होतं, खरंच.

पण ज्यांनी तिचं नाव जाहीर झाल्यावर लगेच तिच्या जुन्या सिनेमांतले उघडे फोटो शोधून छापले, त्या इथल्या वर्तमानपत्रांबद्दल माझ्या मनात काडीचीही सहानुभूती नाही. आधीच्या कुठल्या डॉक्टरच्या वाट्याला हे आलं होतं? काळजी परंपरेची होती ना? मग हे कुठल्या परंपरेत बसतं?

परंपराच काढता तर ऐका. १९६३ ची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट. सत्तावीस वर्षांची पोरगी, बीबीसीच्या नाट्य विभागात तेव्हा दुसरी बाई निर्माती नव्हती. पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. आणि ते अंगावर काटा आणणारं शीर्षकसंगीत? चाल रॉन ग्रेनर यांची, पण एकेक सूर फितीवर कापून, जोडून ते प्रत्यक्षात घडवलं डेलिया डर्बिशायर यांनी. त्यांचं नाव पडद्यावर यायला २०१३ उजाडलं. पन्नास वर्षं! तोवर त्या जग सोडून गेल्या होत्या. मालिकेचा पायाच बायकांनी आणि बाहेरच्यांनी घातलाय, आणि त्यांच्यातलीच एक खुर्चीत बसली की घराण्याला बट्टा.

आणि दादा, आज तुमच्या घरात सुरू काय होतं हो? बालगंधर्व! नारायणराव राजहंस शालू नेसून उभे राहिले की आपल्या आज्या त्यांच्यासारखा अंबाडा घालायला शिकल्या. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही. एकच माणूस! आपल्या लोकांनी हात जोडले. पुरुषाने बाई होणं ही कला, आणि बाईने डॉक्टर होणं ही थेरं? हे मी आज तुमच्या समोर बोलायला हवं होतं. तोंडात घास होता हे काही कारण नाही.

व्हिटेकरचा एक भाग तरी बघा. ११ नोव्हेंबर २०१८ चा, 'डीमन्स ऑफ द पंजाब', विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टरच्या सोबत्यांतली शेफील्डची यास्मिन आपल्या आजीचं तरुणपण बघायला १९४७ च्या पंजाबात जाते. आजी मुसलमान, तिचा होणारा नवरा प्रेम हिंदू. लग्न लावणारा साधू मारला गेलेला, म्हणून डॉक्टरच त्यांचं लग्न लावते. दुसऱ्या बाजूने प्रेमचा सख्खा भाऊ जमाव घेऊन येतोय. आणि डॉक्टरला माहीत आहे की प्रेम मरणार, तो वाचला तर यास्मिन जन्मणारच नाही. तिला पाठ फिरवून चालायला लागतं. मागून गोळीचा आवाज येतो आणि ती थांबत नाही. नुसता तिचा चेहरा. मी वॉर्डात नातेवाइकांना "आता हाताबाहेर गेलं" असं सांगून बाहेर पडते तेव्हा माझा चेहरा कसा होत असेल, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आजोबांचं राहिलं. त्या रविवारी रात्री नऊला मी परत फेरीला गेले तर ते पलंगाला टांगलेल्या छोट्या टीव्हीवर डॉक्टर हूच बघून बसलेले. लहानपणापासून बघतात म्हणाले. बाई डॉक्टर म्हणून नाक मुरडलंच होतं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. डॉक्टर आपलं नेहमीचं अवजार, तो सॉनिक स्क्रूड्रायव्हर, शेफील्डच्या पोलादी चमच्यांतून स्वतः घडवते. आजोबा तीस वर्षं शेफील्डला चमचे-काट्यांच्या कारखान्यात. "असं वितळत नाही पोलाद," म्हणाले. "केवढी भट्टी लागते! आणि तिने चष्मा... गॉगल घातलेला, तेवढं मात्र बरोबर." दहा मिनिटं बोलत होते. भट्टी, घण, पॉलिश करणाऱ्या बायका, त्यांच्या अंगाला बांधलेले तपकिरी कागद. पॉलिशवाल्या बायकांचे हात कसे चालायचे ते हवेत करून दाखवलं.

ज्युनियरने शेवटी कशीबशी लावलेली कॅन्युला तोवर सुजली होती. मी म्हटलं, मुलाला बोलावते. तो खाली कॅज्युअल्टीत होता. आजोबांनी उजवा हात काढून चादरीवर ठेवला. "तुम्हीच बघा लव्ह," म्हणाले. मी ह्या वेळी निळी, बारीक घेतली. लागली.

'लव्ह'चं 'डॉक्टर' काही झालं नाही हं. डिस्चार्जपर्यंत मी लव्हच होते.

दादा, पुढच्या महिन्याचं जेवण आमच्याकडे आहे. पुरणपोळी करणार आहे, कटाची आमटीही. पण पानं घेण्याआधी तो पंजाबचा भाग लावणार आहे. पन्नासेक मिनिटांचा आहे. वहिनींना घेऊन जरा लवकर या.