‘इतर’ खात्याची जोपासना कशी करावी

क्लाउडच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांच्या, बिलात कोणत्या विभागाचा किती वाटा, हे कंपनीत कुणालाही कळू नये अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर घाबरू नका. हिशेबाची साधनं क्लाउडवाल्यांनी ढीगभर दिली आहेत, पण ती वापरायची सक्ती केलेली नाही.

सुरुवात टॅगपासून करा, म्हणजे कुठली गोष्ट कुणाची, हे सांगणाऱ्या चिठ्ठीपासून. टॅग लावूच नका, असं मी म्हणणार नाही. तसं केलंत तर लगेच पकडले जाल. टॅग जरूर लावा, फक्त ज्याने त्याने आपापल्या मनाने लावा. एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, टॅगच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात. म्हणजे एकाने ‘टीम’चा टी मोठा काढला, दुसऱ्याने छोटा आणि तिसऱ्याने अख्खा शब्दच कॅपिटलमध्ये लिहिला, की हिशेबात तीन वेगळे रकाने तयार! एका रिसोर्सला (सर्व्हर, डिस्क वगैरे) 50 टॅग लावता येतात, तेव्हा हौसेला जागाही भरपूर आहे. गूगल क्लाउडवर मात्र हा खेळ रंगत नाही. तिथे लेबलला (हिशेबाच्या चिठ्ठीचं तिथलं नाव) मोठी अक्षरं चालतच नाहीत, त्यामुळे बिचाऱ्यांना स्पेलिंगच्या चुकांवरच भागवावं लागतं. अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, रिसोर्स ग्रुपला (रिसोर्सेसच्या गठ्ठ्याला) एक टॅग लावा आणि आतल्या सगळ्यांना तो मिळाला असं समजून घरी जा. तो आपणहून खाली उतरत नसतो, पण हे तुम्हाला कुठे माहीत आहे?

यापुढची पायरी माझी विशेष आवडती. एडब्ल्यूएसवर टॅग लावला म्हणजे तो बिलात दिसतो, असं नाही. बिलिंगमध्ये जाऊन तो वेगळा सुरू करावा लागतो. तिकडे फिरकूच नका. सहा महिने ‘आमचं शंभर टक्के टॅगिंग झालंय’ असं छातीठोकपणे सांगा. धोका एकच. 2024पासून मागच्या 12 महिन्यांपर्यंतचा हिशेब टॅगनुसार पुन्हा लावून घ्यायची सोय आली आहे. तरी धीर सोडू नका. ज्या सर्व्हरला तेव्हा टॅगच नव्हता, त्याला तीही सोय काही करू शकत नाही.

सर्व्हर बंद केलात तर त्याची डिस्क मागे ठेवा. ती पडल्यापडल्या भाडं खात राहते. पब्लिक आयपीव्ही4 पत्तेही (सर्व्हरचे इंटरनेटवरचे पत्ते) असू द्या. 1 फेब्रुवारी 2024पासून एडब्ल्यूएसवर प्रत्येक पत्त्याला तासाला 0.005 डॉलर लागतात, वापरा किंवा न वापरा.

कुणी उत्साही माणूस एडब्ल्यूएसची ‘कॉस्ट कॅटेगरी’, म्हणजे खर्चाचे गट पाडणारी नियमावली, बनवायला निघालाच, तर त्याला अडवू नका, मदत करा. तिथले नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो जिंकतो. म्हणून सगळ्यात मोघम नियम सगळ्यात वर ठेवा. खालचे बारकाईने लिहिलेले वीस नियम मग शोभेला उरतात. कशातच न बसलेल्या खर्चाला ‘इतर’ हे नाव द्यायला विसरू नका.

राहिला सामायिक खर्च: नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरांची इंटरनेटकडे जायची वाट), सपोर्ट प्लॅन वगैरे. तो समान वाटला, तर रात्रंदिवस यंत्रं राबवणाऱ्या डेटावाल्यांइतकाच भार रजेचा एक फॉर्म चालवणाऱ्या एचआरवर पडतो. वड्याचं तेल वांग्यावर, पण दिसायला न्याय्य. मुरलेले लोक मात्र ‘ज्याच्या-त्याच्या थेट खर्चाच्या प्रमाणात वाटू’ म्हणतात. त्यातली मेख अशी, की ज्याने टॅगच लावले नाहीत त्याचा थेट खर्च शून्य, म्हणून सामायिक वाटाही शून्य. ज्याने इमानेइतबारे टॅग लावले, तो स्वतःचं भरतो आणि तुमचंही.

महिन्याच्या बैठकीत ‘इतर’चा खांब सगळ्यात उंच दिसेल. कुणीतरी चिडून म्हणेल, ‘टॅग नसलेलं सगळं शुक्रवारी बंद करून टाकू!’ विरोध करू नका. त्यातल्याच एखाद्या यंत्रावर पगाराचं सॉफ्टवेअर चालतं का, एवढंच हळू आवाजात विचारा.